कॉमिक सॅन्स : खेळकर अक्षरांचा गंभीर वाद

जीनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन केंद्राच्या सभागृहाकडे ४ जुलै २०१२ रोजी जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांचे डोळे लागले होते. हिग्ज बोसॉनशी मिळताजुळता नवा कण सापडल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. १९६४ मध्ये या कणाची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, पीटर हिग्ज, श्रोत्यांत बसले होते आणि त्यांचे डोळे पाणावल्याचे साऱ्या जगाने पाहिले. ‘ॲटलस’ या प्रयोगाच्या वतीने फाबिओला जानोत्ती यांनी निष्कर्ष मांडले. आलेख, आकडे, शक्याशक्यतेची गणिते असा तो भरगच्च मजकूर पडद्यावर उमटला, तो मात्र लहान मुलांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणपत्रिकेत शोभावा अशा गोलसर, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत. त्या फॉन्टचे नाव कॉमिक सॅन्स. काही तासांतच इंटरनेटवर कणापेक्षा फॉन्टचीच चर्चा अधिक रंगली. एवढ्या मोठ्या शोधाला ही असली अक्षरे, असा अनेकांचा संताप होता. पुढे १ एप्रिल २०१४ रोजी ‘सर्न’नेच आपले संकेतस्थळ कॉमिक सॅन्समध्ये सजवून ‘यापुढे हाच आमचा अधिकृत फॉन्ट’ अशी एप्रिल फूलची घोषणा केली. जानोत्ती यांचे त्या अक्षरांमुळे काही बिघडले नाही. २०१६ मध्ये त्या याच संस्थेच्या महासंचालक झाल्या.

एखाद्या फॉन्टवरून लोकांनी इतके चिडावे, हे ज्यांचा छपाईशी संबंध नाही त्यांना चमत्कारिक वाटेल. संगणकाच्या यादीत शेकडो फॉन्ट असतात. त्यांतल्या बहुतेकांची नावेही कुणाला ठाऊक नसतात. कॉमिक सॅन्स मात्र नावाने ओळखला जातो, त्यावर विनोद होतात, त्याच्याविरुद्ध चळवळ उभी राहते आणि ज्यांना अक्षरवाचनच जड जाते अशांपैकी काही जण त्याची बाजू घेऊन भांडतात. हा फॉन्ट कशासाठी जन्मला, हे पाहिले म्हणजे या भांडणाचा उलगडा होऊ लागतो.

कुत्र्याच्या तोंडी वर्तमानपत्री अक्षरे

१९९४ मध्ये मायक्रोसॉफ्ट ही कंपनी ‘बॉब’ नावाचे एक सॉफ्टवेअर तयार करीत होती. संगणकाला बुजणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी पडद्यावर चक्क एक घर दाखवायचे, त्यातल्या खोल्यांतील वस्तूंवर क्लिक केले की पत्रलेखन, दिनदर्शिका, हिशेब अशी कामे सुरू व्हायची. वाट दाखवायला चित्रातली पात्रे. त्यांत रोव्हर नावाचा एक पिवळा कुत्रा होता आणि तो कॉमिक्समधल्याप्रमाणे संवादफुग्यांतून बोलत असे.

मायक्रोसॉफ्टमध्ये फॉन्टचे काम करणाऱ्या व्हिन्सेंट कॉनेअर यांनी या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती पाहिली आणि त्यांना खटकले ते कुत्र्याचे बोलणे. संवादफुग्यातली अक्षरे ‘टाइम्स न्यू रोमन’मध्ये होती. हा फॉन्ट मूळचा लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकासाठी घडवलेला. १९३२ पासून त्या वृत्तपत्राचे स्तंभ त्यात छापले जाऊ लागले. अग्रलेखाला शोभणारी ही भारदस्त अक्षरे शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याच्या तोंडी घालणे म्हणजे बालनाट्यातल्या विदूषकाने न्यायाधीशाचा झगा घालून रंगमंचावर येण्यासारखे होते.

कॉनेअर यांच्या कार्यालयात कॉमिक्सची पुस्तके होती. त्यांत ‘बॅटमन : द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि ‘वॉचमेन’ ही दोन गाजलेली पुस्तके त्यांनी समोर ठेवली. पहिल्याचे अक्षरलेखन जॉन कोस्टान्झा यांचे, तर दुसऱ्याचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांचे. त्या काळी अमेरिकी कॉमिक्समधील संवाद हातानेच लिहिले जात आणि तो एक स्वतंत्र व्यवसाय होता. कॉनेअर यांनी त्या अक्षरांची नक्कल केली नाही. त्यांचा ढंग डोळ्यांपुढे ठेवून संगणकाच्या माउसने पडद्यावरच अक्षरे काढली. कॉमिक्समध्ये बहुधा सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत असतो, त्यामुळे स्मॉल अक्षरांचे वळण बरेचसे त्यांना स्वतःच ठरवावे लागले. फॉन्टचे पहिले नाव होते ‘कॉमिक बुक’. पुढे ते ‘कॉमिक सॅन्स’ झाले. रोमन अक्षरांच्या टोकांना असणाऱ्या बारीक पात्यांना सेरिफ म्हणतात आणि ‘सॅन्स’ म्हणजे फ्रेंच भाषेत ‘विना’. ही पाती ज्यांना नाहीत ती अक्षरे सॅन्स सेरिफ.

गंमत अशी, की ज्या कुत्र्यासाठी हा खटाटोप झाला त्याला ही अक्षरे मिळालीच नाहीत. नव्या फॉन्टची अक्षरे टाइम्सपेक्षा रुंद होती. ‘बॉब’मधील संवादफुगे आणि ओळी आधीच्या मापाने बांधल्या गेल्या होत्या, त्यांत ती मावेनात. मार्च १९९५ मध्ये ‘बॉब’ बाजारात आला, तो जुन्याच अक्षरांत. तो सपशेल पडला आणि वर्षभरात गुंडाळला गेला. रोव्हर पुढे २००१ मध्ये ‘विंडोज एक्सपी’च्या शोधखिडकीत पुन्हा दिसला, हे जुन्या संगणकधारकांना आठवत असेल.

फॉन्ट मात्र तरला. मुलांसाठीच्या ‘थ्रीडी मूव्ही मेकर’ या सॉफ्टवेअरमध्ये तो वापरला गेला, त्यानंतर ‘विंडोज ९५’बरोबर मिळणाऱ्या ‘प्लस पॅक’मध्ये आला आणि मग थेट संगणकांत बसूनच घरोघरी पोहोचला. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी काही निवडक फॉन्ट सर्वांना विनामूल्य खुले केले. एरियल, जॉर्जिया, व्हर्डाना, टाइम्स न्यू रोमन यांच्या पंक्तीला कॉमिक सॅन्स जाऊन बसला. त्या काळी वेबपानावर वापरलेला फॉन्ट वाचकाच्या संगणकात नसेल तर तो दिसतच नसे. म्हणून सर्वत्र हमखास सापडणाऱ्या या मोजक्या फॉन्टांवरच साऱ्यांची भिस्त होती. त्या यादीत हसरा म्हणावा असा फॉन्ट एकच होता. शाळेची सूचना, सोसायटीची पूजा, कार्यालयातील निरोपसमारंभ यांसाठी ‘जरा वेगळे’ काही शोधणाऱ्या माणसाचा हात दुसरीकडे कुठे जाणार?

अक्षरांची घडण

कॉमिक सॅन्सच्या रेषेची जाडी बहुतेक ठिकाणी सारखीच असते आणि टोके गोलाई घेतलेली असतात. स्केचपेनने सावकाश, सुटे सुटे लिहिल्यावर उमटतील तशी. स्मॉल ‘ए’ हा पुस्तकी, दुमजली नाही. शाळेत गिरवतात तसा एक गोल आणि शेजारी दांडी. कॅपिटल ‘आय’ला वर-खाली आडव्या रेघा आहेत, म्हणजे नावात ‘सॅन्स’ असूनही येथे पाती आहेतच. परंतु त्यामुळे कॅपिटल ‘आय’, स्मॉल ‘एल’ आणि एकचा आकडा यांची गल्लत होत नाही. एरियलमध्ये ही दोन अक्षरे शेजारी ठेवली तर भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत.

ही अक्षरे १९९४ च्या पडद्यासाठी घडवली गेली, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या पडद्यांवर ठिपके मोठे असत आणि अक्षरांच्या कडा मऊ करण्याची सोय सर्वसामान्य संगणकांत नव्हती. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. अशा जाळीत गोलाई बसवायची तर कोणता ठिपका पेटवायचा आणि कोणता नाही, याच्या सूचना अक्षरागणिक फॉन्टमध्ये लिहाव्या लागतात. या किचकट कामाला ‘हिंटिंग’ म्हणतात आणि कॉनेअर त्यातले जाणकार होते. त्यामुळे लहान आकारात, जाडजूड ठिपक्यांच्या पडद्यावर कॉमिक सॅन्स चांगला वाचता येई. तोच मजकूर लेझर प्रिंटरवर किंवा मोठ्या फलकावर उतरला, की ठिपक्यांत लपलेले दोष उघडे पडत. जाणकारांचा मुख्य आक्षेप तेथेच आहे. काही अक्षरांच्या जोड्यांमधील मोकळी जागा विषम दिसते, शब्दाचा पोत एकसंध राहत नाही आणि रेषेला जाड-बारीक असा श्वास नसल्यामुळे परिच्छेद डागाळल्यासारखा दिसतो. तिरप्या अक्षरांची खरी आवृत्तीही मूळ संचात नव्हती. ती २०११ च्या ‘कॉमिक सॅन्स प्रो’मध्ये प्रथम आली आणि नंतर विंडोजमध्ये.

हस्ताक्षराचे वळण छापखान्यात आणण्याची हौस मात्र या फॉन्टपेक्षा शतकांनी जुनी. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ मध्ये तिरप्या अक्षरांत संपूर्ण पुस्तक छापले, तेव्हा फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने कोरलेले ते खिळे तत्कालीन विद्वानांच्या हातवळणावरूनच घेतलेले होते. आज ज्याला आपण ‘इटॅलिक’ म्हणतो ते मूळचे हस्ताक्षरच. विसाव्या शतकात जाहिरातींनी या हौसेला खतपाणी घातले. १९४२ चा ‘ब्रश स्क्रिप्ट’, फ्रान्सच्या रॉजे एक्सकोफाँ यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावर बेतलेला १९५३ चा ‘मिस्त्राल’ आणि वास्तुरचनाकार फ्रँक चिंग यांच्या नकाशांतील लिखाणावरून डेव्हिड सीगल यांनी केलेला १९८९ चा ‘टेक्टन’ हे त्या घराण्यातले. यांतला एकही फॉन्ट कॉमिक सॅन्सइतका शिव्यांचा धनी झाला नाही, कारण यांतला एकही फॉन्ट फुकट आणि सर्वांच्या संगणकात आपोआप येऊन बसला नव्हता.

बंदीची हाक

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे हॉली आणि डेव्हिड कॉम्ब्स हे दोघे ग्राफिक डिझाइनचे काम करीत. १९९९ च्या सुमारास मुलांच्या संग्रहालयातील एका प्रदर्शनासाठी त्यांनी कॉमिक सॅन्सच वापरावा, असा वरून आदेश आला. त्यांचा विरोध चालला नाही. त्या वैतागातून ‘कॉमिक सॅन्सवर बंदी घाला’ अशी मोहीम निघाली. सुरुवात थट्टेची होती. स्टिकर, टी-शर्ट, पुढे संकेतस्थळ. पण मोहिमेचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. अक्षर हा मजकुराचा आवाज असतो आणि प्रत्येक मजकुराला प्रत्येक आवाज चालत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांच्या प्रदर्शनात हा फॉन्ट विशोभित दिसला असता, असे मात्र तटस्थपणे म्हणता येत नाही. तो वापर त्यातल्या त्यात रास्तच होता. डिझायनरांचे खरे दुखणे होते ते निर्णय दुसऱ्याच्या हाती गेल्याचे.

नेमक्या याच बिंदूवर या वादाची मेख आहे. खिळे जुळवण्याच्या काळात कोणते अक्षर कुठे वापरायचे हे जुळारी, मुद्रक आणि फार तर संपादक ठरवी. सामान्य माणसाच्या हाती अक्षरांची निवड कधी नव्हतीच. वैयक्तिक संगणकाने ती एका रात्रीत सर्वांना दिली. ज्यांना ती मिळाली त्यांना छपाईच्या संकेतांची ओळख नव्हती आणि ती असण्याची गरजही वाटत नव्हती. कॉमिक सॅन्स त्यांना आवडला, कारण तो यंत्रासारखा दिसत नव्हता. स्वतः कॉनेअर यांनी या दोन्ही बाजूंना चिमटे काढले आहेत. जो या फॉन्टच्या प्रेमात आहे त्याला अक्षरकलेतले फारसे कळत नाही आणि जो त्याचा द्वेष करतो त्यालाही कळत नाही, त्याने दुसरा छंद शोधावा, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. याच कॉनेअर यांनी १९९६ मध्ये केलेला ‘ट्रेब्युशे’ हा फॉन्ट डिझायनर मंडळी निमूटपणे वापरत आली.

विजोड वापराची उदाहरणे मात्र पुष्कळ सापडतात. ८ जुलै २०१० रोजी बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याने क्लीव्हलंडचा संघ सोडल्याचे जाहीर केले. संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी त्याच रात्री चाहत्यांना उद्देशून एक जळजळीत पत्र प्रसिद्ध केले. शब्द विश्वासघाताचे आणि अक्षरे कॉमिक सॅन्सची. दुसऱ्या दिवशी हसू झाले ते पत्राचे. लेब्रॉन २०१४ मध्ये परतला आणि २०१६ मध्ये त्याने क्लीव्हलंडला विजेतेपदही मिळवून दिले. त्या पत्राचा विषय निघाला, की आजही मजकुराआधी अक्षरेच आठवतात. २०१३ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे पदत्याग करून निवृत्त झाले, तेव्हा व्हॅटिकनने काढलेल्या छायाचित्रसंग्रहातही हीच अक्षरे होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे पूर्वीचे वकील जॉन डाऊड यांनी काँग्रेसच्या समितीला पाठविलेले कायदेशीर पत्रही कॉमिक सॅन्समध्येच टंकलेले निघाले. या तिन्ही ठिकाणी वाचकाला जाणवते ती विसंगती. मृत्युपत्र वाचणारा वकील मध्येच डोळा मारतो आहे, असे काहीसे.

लहानग्या वाचकाची बाजू

या थट्टेत एक वाचक बराच काळ कुणाच्या ध्यानात आला नव्हता. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरांचा क्रम, त्यांची दिशा आणि त्यांच्यातील अंतर यांचा मेळ घालताना इतरांपेक्षा अधिक कष्ट पडतात. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटातील ईशानमुळे मराठी घरांतही हा शब्द पोहोचला. रोमन लिपीत ‘बी’ आणि ‘डी’, ‘पी’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे बहुतेक फॉन्टांत एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. फॉन्ट जितका भूमितीने काटेकोर तितकी ही प्रतिबिंबे तंतोतंत. कॉमिक सॅन्सचे अक्षर हातवळणाचे असल्याने त्यात थोडी असमानता आहे. ‘ए’ शाळेत शिकवतात तसा आहे आणि अक्षरांमध्ये गर्दी नाही. ब्रिटनच्या ‘ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेत सुवाच्य फॉन्ट म्हणून एरियलच्या जोडीने कॉमिक सॅन्सचे नाव दिलेले आहे. व्हर्डाना, टाहोमा, ट्रेब्युशे, कॅलिब्री हे पर्यायही तेथे आहेत. यानंतर डिस्लेक्सिया असणाऱ्या अनेकांनी उघडपणे लिहिले, की ज्या अक्षरांना तुम्ही हसता त्या अक्षरांत आम्हाला पुस्तक वाचता येते.

शास्त्रीय पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. कॉमिक सॅन्सच्या आकारामुळेच वाचन सुधारते, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. अंतराच्या बाबतीतला पुरावा त्याहून बळकट आहे. इटली आणि फ्रान्समधील डिस्लेक्सिया असलेल्या ७४ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अक्षरांमधील अंतर नेहमीपेक्षा वाढवून दिल्यावर मुलांच्या वाचनातील चुका घटल्या आणि वेगही वाढला, तोही कसलेही वेगळे प्रशिक्षण न देता. म्हणजे या फॉन्टची जी ऐसपैस मांडणी मुद्रकाला ढिसाळ वाटते तीच एखाद्या मुलाला आधाराची ठरत असण्याचा संभव आहे. याउलट, अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये असे मांडले, की कॉमिक सॅन्ससारख्या किंचित अडखळायला लावणाऱ्या फॉन्टमध्ये छापलेला मजकूर विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहतो. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. पण नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम सातत्याने दिसून आला नाही.

शिक्षकांना याचा व्यावहारिक उपयोग आहे. वर उल्लेखिलेली मार्गदर्शिका फॉन्टच्या नावावर थांबत नाही. अक्षरे १२ ते १४ पॉइंटची असावीत, ओळींत दीडपट अंतर असावे, मजकूर डावीकडे जुळवलेला आणि उजवीकडे मोकळा ठेवावा, तिरपी अक्षरे आणि अधोरेखन टाळून जोर देण्यासाठी ठळक अक्षर वापरावे, कागद पांढराशुभ्र असण्याऐवजी फिकट पिवळसर असावा, अशा तिच्या सूचना आहेत. दाटीवाटीने छापलेला कॉमिक सॅन्स हा मोकळ्या छापलेल्या एरियलपेक्षा वाचायला सोपा नसतो. एकच फॉन्ट बदलून कर्तव्य झाले, असे मानणाऱ्या शाळांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

शोभेल तेथे

हस्ताक्षरी फॉन्टचा धर्म बोलका असतो. म्हणून संवादफुगे, खेळांतील सूचना, मुलांच्या कृतिपत्रिका, आकृतीच्या कडेला लिहिलेली टीप, फ्रिजवर चिकटवायची चिठ्ठी, कच्चा आराखडा अशा ठिकाणी तो सहज वावरतो. आराखड्याचा मुद्दा विशेष आहे. संकेतस्थळाचा पहिला कच्चा नमुना ग्राहकाला दाखवताना डिझायनर मुद्दाम हस्ताक्षरी अक्षरे वापरतात. अक्षरे सुबक दिसली, की ग्राहक काम संपल्याचे समजतो. ती हाताने लिहिल्यासारखी असली, की बदल सुचवायला कचरत नाही. वास्तुरचनाकारांच्या ‘टेक्टन’चा उपयोग असाच होता. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतही एक वर्ग या वळणाचा चाहता आहे. २०१९ मध्ये तोशी ओमागारी यांनी ‘कॉमिक कोड’ हा सारख्या रुंदीच्या अक्षरांचा फॉन्ट खास त्यांच्यासाठी केला.

ओळींची लांबी वाढली, की हे अक्षर थकवते. दोन-चार ओळींत गोड वाटणारे वळण दोनशे ओळींत लाडिक वाटू लागते. शोकसंदेश, न्यायालयीन नोटीस, शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र, बँकेची ताकीद या कागदांवर वाचकाचे काही पणाला लागलेले असते आणि तेथे अक्षराने गमतीचा सूर लावला तर मजकूर खोटा वाटू लागतो. ज्याला वळण हवे पण बदनामी नको, त्याच्यासाठी पर्याय आहेत. ॲपलने २००३ मध्ये आपल्या संगणकांत ‘चॉकबोर्ड’ दिला. क्रेग रोझिन्स्की यांनी २०१४ मध्ये ‘कॉमिक नोइ’ हा फॉन्ट विनामूल्य प्रसिद्ध केला. मूळ अक्षरांतील वेडेवाकडेपणा सावरून त्यांची प्रसन्नता राखण्याचा तो प्रयत्न आहे आणि बऱ्याच अंशी साधलेलाही आहे.

दरम्यान २०१३ मध्ये शिबा इनू जातीच्या एका कुत्र्याच्या छायाचित्राभोवती मोडक्या इंग्रजीतील शब्द पेरलेले चित्र इंटरनेटवर अफाट पसरले. ‘डोज’ या नावाने ते ओळखले जाते. शब्दांचा फॉन्ट अर्थातच कॉमिक सॅन्स. कुत्र्याच्या बोलण्यासाठी केलेली अक्षरे १९ वर्षांनी का होईना, एका कुत्र्याला मिळाली.

देवनागरीचे काय?

कॉमिक सॅन्समध्ये रोमन, ग्रीक आणि रशियन ज्या सिरिलिक लिपीत लिहितात ती अक्षरे आहेत, देवनागरी नाही. संगणकावर हा फॉन्ट निवडून मराठी टंकले, तर सॉफ्टवेअर मुकाट्याने दुसरा फॉन्ट पुढे करते. जुन्या विंडोजवर तो बहुधा ‘मंगल’ असे, नंतरच्या विंडोजवर ‘निर्मला’. ‘मंगल’ हा फॉन्ट ज्येष्ठ सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला, पडद्यावर मजकूर नीट वाचता यावा यासाठी केलेला आणि साहजिकच धीरगंभीर. त्यामुळे शाळांच्या द्विभाषिक सूचनापत्रांत एक मजेशीर दृश्य दिसते. इंग्रजी ओळी बागडत असतात आणि त्यांच्याखाली मराठी ओळी हाताची घडी घालून उभ्या असतात. मजकूर एकच, पण पालकांशी दोन वेगळी माणसे बोलत असल्याचा भास होतो.

मराठीला छापील हस्ताक्षर नवे नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. त्या पद्धतीत लेखनिकाने हाताने लिहिलेले अक्षरच दगडावर उतरून कागदावर उमटे. पोथ्यांची सवय असलेल्या वाचकाला ते खिळ्यांच्या अक्षरांपेक्षा ओळखीचे वाटे. पुढे खिळ्यांनी बाजी मारली, तरी हातवळणाची जागा शीर्षकांत टिकून राहिली. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी लिहिलेली नावे पाहिली, की नाटक विनोदी की रहस्यमय हे तिकीट काढण्याआधीच कळत असे. परंतु ती एकेका नाटकासाठी रेखलेली अक्षरे होती. कुणीही टंकावीत आणि कोणताही शब्द उमटावा, अशी ती नव्हती.

देवनागरीचा हस्ताक्षरी फॉन्ट करणे रोमनपेक्षा कितीतरी जिकिरीचे आहे. जोडाक्षरे, वर-खाली-मागे-पुढे लागणाऱ्या मात्रा, रफार आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’मधील खास मराठी अर्धा र हे सारे जमेस धरले, की अक्षरचित्रांची संख्या शेकड्यांत, कधी हजारात जाते. त्यातून पेच शिरोरेषेचा. माणूस लिहिताना शब्द पुरा करून मग वर रेघ ओढतो. ती कुठे थरथरते, कुठे तुटते, घाईत असेल तर गळते. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ घेऊन येते आणि शेजारच्या रेघेशी ती सांधली जावी लागते. ती सरळसोट ठेवली तर हस्ताक्षर वाटत नाही आणि वाकडी ठेवली तर सांधा दिसतो. शिवाय मराठी वाचकाला ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे हवे असतात. हिंदी वळणाचे आले तर हस्ताक्षराचा सारा आव गळून पडतो.

या पेचावर एक देखणे उत्तर अहमदाबादच्या ‘इंडियन टाइप फाउंड्री’ने २०१४ मध्ये दिले. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी केलेल्या ‘कलम’ या फॉन्टची अक्षरे बॉलपेनने किंवा स्केचपेनने भरभर लिहिल्यासारखी तिरपी आहेत. बोरूच्या तिरक्या कापाने येणारा जाड-बारीकपणा त्यांत नाही, कारण आज बोरूने लिहितो कोण? शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर किंचित बाक घेते, त्यामुळे शब्दावरची रेघ हलक्या हाताने ओढल्यासारखी दिसते आणि सांधा लपतो. एका संचात १,००० हून अधिक अक्षरचित्रे आहेत. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांची जाडी व कल जुळवलेला असल्याने वर सांगितलेल्या सूचनापत्रात तो वापरला, तर दोन्ही भाषा एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. बारीक, साधा आणि ठळक अशा तीन वजनांत तो मिळतो आणि मुक्त परवान्याखाली विनामूल्य उतरवून घेता येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाचे ‘बलू’ आणि ‘मोदक’ हे गुबगुबीत फॉन्टही असेच खुले आहेत. ते हस्ताक्षरी नसले, तरी मुलांच्या मुखपृष्ठांना आणि फलकांना शोभतात. ‘मोदक’ तर इतका भरलेला आहे, की अक्षरांत सारणाखेरीज मोकळी जागा अशी उरतच नाही. परिच्छेद छापायला तो घेऊ नये.

‘कलम’ वापरताना एक खबरदारी घ्यावी लागते. अक्षरांचा कल बराच असल्याने लहान आकारात अनुस्वार आणि रफार एकमेकांच्या अंगावर येतात. १४ पॉइंटच्या खाली तो नेऊ नये, ओळींत भरपूर अंतर ठेवावे आणि पहिलीच्या मुलांच्या वाचनपाठासाठी तर तो टाळलेलाच बरा. जी मुले अजून उभ्या वळणाचा कित्ता गिरवीत आहेत, त्यांना सरळ उभे, सुटे अक्षर लागते. तसे उभे, गोलसर, एकसारख्या जाडीचे आणि भरपूर अंतराचे देवनागरी अक्षर अशा मुलांना बरोबर बसवून, त्यांच्याकडून वाचवून घेत घडवले जायला हवे.